वाचक विचारतात : जिल्बेर्तो जिल नेमके कोणत्या संगीताचे?

गेल्या अंकात ब्राझीलच्या लोकप्रिय संगीतावर जे टिपण छापले होते, त्यात गायक-गीतकार जिल्बेर्तो जिल यांचा उल्लेख दोन-तीन ओळींत आटोपला होता. ते बऱ्याच वाचकांना रुचले नाही, आणि त्यांची तक्रार मला मान्य आहे. त्यानंतर आलेल्या पत्रांत जिल यांच्याविषयी इतके प्रश्न होते, की या वेळचे सगळे सदर त्यांनाच दिले आहे. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : आपण जिल यांना ‘बहुढंगी’ म्हटले आहे. त्यांच्या एका ध्वनिमुद्रिकेत सांबा, दुसरीत रॉक, तिसरीत खेड्यातले ॲकॉर्डियन, तर चौथीत जमैकाचे रेगे ऐकू येते. अशा कलावंताला बहुढंगी म्हणावे की चंचल?

हा प्रश्न मला मनापासून आवडला, कारण त्यांचे संगीत ऐकायला लागलो तेव्हा माझ्याही मनात हाच प्रश्न होता. त्याचे उत्तर त्यांच्या बालपणापासून शोधावे लागते.

जिल यांचा जन्म २६ जून १९४२ रोजी बाईया राज्याच्या राजधानीत, साल्व्हादोर येथे झाला. पण त्यांचे बालपण गेले ते राज्याच्या अंतर्भागातल्या, कोरडवाहू मुलखाच्या वाटेवरच्या इतुआसू नावाच्या लहानशा गावात. वडील डॉक्टर होते आणि आई शिक्षिका. गावात बाहेरचे संगीत यायचे ते रेडिओवरून, आणि त्या काळच्या रेडिओवर लुईस गोन्झागा यांचे राज्य होते. ॲकॉर्डियन, झाबुम्बा हा ढोल आणि लोखंडी त्रिकोण, एवढ्या तीनच वाद्यांवर गोन्झागा यांनी ईशान्य ब्राझीलचा ‘बायाँव’ हा ठेका १९४० च्या दशकात देशभर लोकप्रिय केला. हा ठेका समजून घेणे अवघड नाही. मनात आठ मात्रा सारख्या अंतराने मोजाव्यात आणि पहिल्या, चौथ्या व सातव्या मात्रेवर टाळी द्यावी. तीन, तीन आणि दोन अशी ही विभागणी थोडा वेळ हातात बसू दिली, की जिल यांच्या निम्म्याअधिक गाण्यांचा सांगाडा हाती आला असे समजावे.

शाळेसाठी साल्व्हादोरला परतल्यावर ते ॲकॉर्डियन शिकले आणि पुढे ‘ओस देसाफिनादोस’ नावाच्या हौशी वाद्यवृंदात वाजवूही लागले. त्यानंतर रेडिओवर त्यांनी जुआंव जिल्बेर्तो यांचे गाणे ऐकले. हे १९५० च्या दशकाचे शेवटचे दिवस, सांब्यातून निघालेली बोसा नोव्हा ही मृदू शैली नुकतीच जन्माला आली होती. जुआंव जिल्बेर्तो यांनी सांब्याच्या मिरवणुकीतला सगळा ताफा एका गिटारीत आणला होता : अंगठा ‘सुर्दू’ या मोठ्या ढोलाचा संथ ठोका धरतो आणि उरलेली बोटे ‘तांबोरिम’ या लहान वाद्याचा आडवातिडवा ठेका वाजवतात. तरुण जिल यांनी ॲकॉर्डियन बाजूला ठेवून गिटार हाती घेतली. पण, आणि माझ्या मते सगळे रहस्य इथेच आहे, ॲकॉर्डियनवर ऐकलेला बायाँव त्यांनी टाकून दिला नाही, तर तोही त्याच उजव्या हातात आणून बसवला.

पुढे साठ वर्षे हेच होत राहिले. नाचासारख्या खेळल्या जाणाऱ्या कापोएरा या युद्धकलेचे संगीत, रॉक, आफ्रिकी ठेके, रेगे, जे जे कानावर पडले ते त्यांनी त्या हातात मुरवले. नवे आले म्हणून जुने गेले, असे एकदाही झाले नाही. चंचल माणूस पहिले घर सोडून दुसऱ्या घरात जातो. जिल मात्र एकाच घराला खोल्या जोडत गेले. १९७२ च्या ‘एश्प्रेसो २२२२’ या ध्वनिमुद्रिकेचे शीर्षकगीत केवळ गिटारीकडे लक्ष देऊन ऐकावे. त्यात अंगठा रेल्वेच्या चाकांसारखा चालत राहतो आणि वरची बोटे त्याच्याशी सतत भांडत राहतात. हा एकच माणूस वाजवतो आहे, यावर पहिल्यांदा विश्वास बसत नाही.

प्रश्न : १९६७ मध्ये इलेक्ट्रिक गिटारविरुद्धच्या मोर्चात जिल सहभागी झाले आणि त्याच वर्षी इलेक्ट्रिक गिटार घेऊन रंगमंचावर आले, असे वाचनात आले. हे खरे आहे का? आणि खरे असेल तर त्याचे समर्थन कसे करायचे?

दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि त्या दोहोंत जेमतेम तीन महिन्यांचे अंतर आहे.

थोडी पार्श्वभूमी सांगतो. बाईयाच्या विद्यापीठात व्यवसाय प्रशासनाचे शिक्षण पूर्ण करून जिल १९६५ मध्ये जेसी लीव्हर या कंपनीच्या नोकरीसाठी साओ पावलोला गेले. दिवसा कार्यालय आणि रात्री गाणे असे चालले होते. त्याआधीच, १९६४ मध्ये, साल्व्हादोरच्या व्हीला व्हेल्या नाट्यगृहात काएतानो व्हेलोझो, मारिया बेतानिया, गाल कोस्ता आणि टॉम झे यांच्याबरोबर त्यांनी कार्यक्रम केला होता. एका शहरातली, एका वयाची ही मंडळी पुढे ब्राझीलच्या संगीताची दिशा बदलणार होती. एलिस रेजिना या त्या काळच्या सर्वांत प्रभावी गायिकेने जिल यांची गाणी ध्वनिमुद्रित केली, तेव्हा नोकरी सोडण्याचे धैर्य त्यांना आले.

विदेशी रॉकच्या लाटेपासून ब्राझीलच्या संगीताचे रक्षण करण्यासाठी १७ जुलै १९६७ रोजी साओ पावलोमध्ये मोर्चा निघाला. एलिस रेजिना त्यात पुढे होत्या आणि जिल त्यांच्याबरोबर चालले. एलिस यांच्याविषयीच्या स्नेहापोटी आपण गेलो, असे त्यांनी पुढे सांगितले आहे. त्यांचे जिवलग मित्र काएतानो मात्र मोर्चात गेले नाहीत. त्यांनी तो हॉटेलच्या खिडकीतून पाहिला आणि त्यांना तो मुळीच आवडला नाही.

त्याच वर्षी जिल पेर्नाम्बुको राज्यात गेले होते. तिथल्या कारुआरू गावात त्यांनी बांबूच्या आडव्या बासऱ्या आणि ढोल वाजवणारा ‘पिफानो’ वादकांचा ताफा ऐकला. त्याच सुमारास बीटल्सची नवी ध्वनिमुद्रिकाही त्यांच्या कानांवर पडली. त्या बासऱ्यांच्या किंचित बेसूर, तिखट आवाजात आणि लंडनच्या स्टुडिओतल्या प्रयोगांत त्यांना एकच धिटाई दिसली. दोन्हीकडचे लोक मनाला येईल तसा आवाज काढायला भीत नव्हते. इलेक्ट्रिक गिटारचा निर्णय या प्रवासातून आला, असे मी समजतो.

२१ ऑक्टोबर १९६७ रोजी साओ पावलोच्या पारामाउंट नाट्यगृहात टीव्ही रेकॉर्ड वाहिनीच्या संगीत महोत्सवाची अंतिम फेरी झाली. जिल इतके घाबरले होते, की हॉटेलच्या खोलीत पांघरुणे ओढून पडून राहिले होते. त्यांना समजावून नाट्यगृहात आणावे लागले. तिथे त्यांनी ‘दोमिंगो नो पार्के’, म्हणजे ‘बागेतला रविवार’, हे गीत सादर केले. हे गीत जवळून पाहण्यासारखे आहे. जोझे बाजारात गाडा लावतो, जुआंव बांधकामावर काम करतो. एका रविवारी जुआंव नेहमीप्रमाणे रिबेरा भागात कापोएरा खेळायला न जाता प्रेयसीला भेटायला जातो. जोझे गाडा आवरून बोका दो रिओजवळच्या जत्रेच्या बागेत फिरायला येतो आणि त्याला आपल्या मनातली जुलियाना आकाशपाळण्यात जुआंवच्या शेजारी बसलेली दिसते. तिच्या हातात गुलाब आहे आणि आइसक्रीम आहे. यानंतर गाण्याचे शब्द पाळण्यासारखेच गरगरू लागतात : आइसक्रीम स्ट्रॉबेरीचे, म्हणून लाल, गुलाबही लाल, आणि मग जोझेच्या हातातला सुरा आणि रक्त. शेवटी उद्या बाजार नाही, बांधकाम नाही, थट्टा नाही, भांडण नाही, एवढेच सांगून गाणे थांबते.

या कथेला संगीत कसे दिले ते पाहा. बेरिंबाउ हे कापोएराचे एकतारी धनुष्यवाद्य. त्याचा ठेका तळाशी आहे, कारण माणसे त्या जगातली आहेत. वर रोजेरियो दुप्रात यांनी रचलेला वाद्यवृंद चित्रपटाच्या पार्श्वसंगीतासारखा वेगाने दृश्ये बदलतो. आणि सोबत ‘ओस मुतांतेस’ हे अगदी तरुण रॉक त्रिकूट, त्यांच्या इलेक्ट्रिक वाद्यांसह. गीताला दुसरा क्रमांक मिळाला. तिसरे गायक-गीतकार शिको बुआर्के आले आणि चौथे काएतानो; एका रात्रीत इतकी मोठी माणसे एका रंगमंचावर उभी राहिल्याचा प्रसंग विरळाच. पुढच्या वर्षी, १९६८ मध्ये, याच मंडळींची ‘ट्रॉपिकालिया’ ही सामूहिक ध्वनिमुद्रिका आली आणि देशी-विदेशी संगीताची सरमिसळ करणारी त्या नावाची चळवळ उभी राहिली.

समर्थनाविषयी विचारले आहे, म्हणून स्पष्ट लिहितो. त्यांनी मत बदलले, आणि ते हजारो लोकांसमोर, शिट्ट्या पडण्याचा धोका पत्करून बदलले. मोर्चात ते स्नेहापोटी गेले होते. रंगमंचावर मात्र स्वतःच्या कानांवर विश्वास ठेवून आले. मला यात समर्थनाची गरज वाटत नाही, आदर वाटतो.

प्रश्न : त्यांना अटक का झाली? त्यांची गाणी तर राजकीय वाटत नाहीत.

ब्राझीलमध्ये १९६४ पासून लष्करी राजवट होती. १३ डिसेंबर १९६८ रोजी तिने ‘संस्थात्मक अधिनियम क्रमांक ५’ काढून नागरी हक्क गुंडाळले, आणि २७ डिसेंबरला जिल व काएतानो यांना साओ पावलोत अटक करून रिओ दि जानेरोला नेले. रीतसर आरोप ठेवला गेला नाही. घोषणा देणारी गाणी राजवटीला कळत होती. पण प्लॅस्टिकचे कपडे, वाढवलेले केस, चर्चमधले पठण आणि रॉक यांची सरमिसळ करणारी ही मंडळी नेमकी काय उलथवू पाहत आहेत हे तिला कळत नव्हते, आणि न कळणारी गोष्ट तिला अधिक धोकादायक वाटली.

कोठडीत त्यांना गिटार मिळाली, तेव्हा त्यांनी जी गाणी रचली त्यांपैकी एक संगणकावर होते. हा इलेक्ट्रॉनिक मेंदू जवळपास सगळे करतो, पण मुका आहे, असे ते म्हणते. कोठडीत बसलेल्या माणसाने १९६९ च्या आरंभी संगणकावर गाणे करावे, यातच त्यांच्या मनाची ठेवण दिसते. फेब्रुवारीत, कार्निव्हल संपल्यावरच्या बुधवारी त्यांची सुटका झाली. पण साल्व्हादोरमध्ये पोलिसांच्या नजरेखाली राहण्याची सक्ती होती आणि जाहीर कार्यक्रमांना बंदी होती. जुलैमध्ये देश सोडून जाण्याच्या खर्चासाठी कास्त्रो आल्व्हेस नाट्यगृहात निरोपाचा कार्यक्रम करू दिला गेला, आणि दोघे युरोपला गेले. लंडनमधला हा विजनवास १९७२ च्या आरंभी संपला.

जाण्याआधी त्यांनी ‘आकेले आब्रासो’ हा सांबा लिहिला. शीर्षकाचा अर्थ ‘ती कडकडून मिठी’. पहाऱ्यावरचे सैनिक त्यांना याच शब्दांनी अभिवादन करत, तो त्या वेळी दूरचित्रवाणीवरच्या एका विनोदी नटाचा लोकप्रिय वाक्प्रचार होता. रिओला हसतमुखाने निरोप देणारे हे गाणे तुफान गाजले. मग रिओच्या एका संग्रहालयाने त्याला पुरस्कार जाहीर केला, आणि जिल यांनी लंडनहून ‘ओ पास्किम’ या साप्ताहिकात लेख लिहून तो नाकारला. आपण सांबा लिहिला याचा अर्थ आपण वळणावर आलो, ‘आपली जागा ओळखणारे’ गुणी काळे सांबागायक झालो, असा कुणी घेऊ नये, हा त्या लेखाचा रोख होता.

पहिल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर या लेखात आहे, असे मला वाटते. काळ्या गायकाने सांबाच गावा, रॉक आणि प्रयोग इतरांसाठी सोडावेत, ही अपेक्षा त्या समाजात होती. त्यामुळे जिल यांचे बहुढंगीपण ही केवळ आवड नव्हती, तो हक्क होता आणि तो त्यांनी किंमत देऊन मिळवला.

प्रश्न : ‘रे’ने सुरू होणाऱ्या त्यांच्या ध्वनिमुद्रिकांचा उल्लेख नेहमी होतो. त्या कोणत्या? नव्या श्रोत्याने त्यांपैकी कोणती आधी ऐकावी?

स्टुडिओत केलेल्या मुख्य तीन : ‘रेफाझेंदा’ (१९७५), ‘रेफाव्हेला’ (१९७७) आणि ‘रेआल्से’ (१९७९). रॉक गायिका रिता ली यांच्याबरोबरच्या मैफलींचे ‘रेफेस्तान्सा’ हे ध्वनिमुद्रणही याच माळेत धरतात. ‘फाझेंदा’ म्हणजे शेतमळा आणि ‘रेफाझेर’ म्हणजे पुन्हा करणे; दोन्ही एकत्र करून ‘रेफाझेंदा’ हा शब्द जिल यांनी घडवला.

नव्या श्रोत्याने ‘रेफाझेंदा’ आधी ऐकावी. लंडनहून परतलेला, जगभरचे संगीत कानात भरलेला माणूस इथे बालपणीच्या ॲकॉर्डियनकडे वळला आहे, आणि ते ॲकॉर्डियन वाजवणारे दोमिंगिन्योस हे खुद्द लुईस गोन्झागा यांच्या तालमीतले. तीतील ‘लामेंतो सेर्तानेजो’ची चाल दोमिंगिन्योस यांची आणि शब्द जिल यांचे. कोरड्या मुलखातून शहरात आलेला माणूस त्यात सांगतो, की मी फारसे बोलत नाही, मला फारसे मित्र नाहीत, गर्दीत मी कळपातून चुकलेल्या गुरासारखा आहे. ॲकॉर्डियन इथे सुस्कारा टाकल्यासारखे वाजते. रात्री एकट्याने ऐकण्याची ही गोष्ट आहे.

‘रेफाव्हेला’मागे १९७७ च्या आरंभीचा नायजेरियाचा प्रवास आहे. लागोस येथील कृष्णवर्णीयांच्या आंतरराष्ट्रीय कला महोत्सवासाठी जिल तिथे महिनाभर होते. तिथल्या गरीब वस्त्या आणि सरकारी घरांच्या रांगा पाहून त्यांना बाईयाची आठवण झाली. बाईयात गुलामीच्या काळापासून जिवंत राहिलेले योरुबा या पश्चिम आफ्रिकी समाजाच्या देवतांचे ठेके त्यांनी तिथे मूळ भूमीत ऐकले. ‘रेआल्से’ मात्र लॉस एंजेलिसमध्ये ध्वनिमुद्रित झालेली, नाचाच्या दिव्यांत न्हालेली. त्या काळच्या समीक्षकांतल्या काहींना ती उथळ वाटली. मला वाटत नाही. बॉब मार्ली यांनी गाजवलेल्या गीताचे ‘नाओ शोरे माइस’ हे पोर्तुगीज रूप तीत आहे. लष्करी राजवट सैल पडत असताना, तुरुंगात आणि परदेशात गेलेल्या मित्रांच्या आठवणीने भरलेले हे गाणे ब्राझीलमध्ये घराघरांत पोचले, आणि रेगेही त्याबरोबर पोचले.

१९७५ मध्येच गायक-गिटारवादक जोर्जे बेन यांच्याबरोबर केलेली दुहेरी ध्वनिमुद्रिकाही सुचवतो. दोन गिटारी, दोन आवाज, तालवाद्ये, आणि कुणालाही कसलीच घाई नाही. तीतले ‘ताजमहाल’ चौदा मिनिटांहून अधिक चालते.

१९८० च्या दशकातल्या ध्वनिमुद्रिकांविषयी थोडक्यातच सांगतो. गाणी उत्तम आहेत, पण सिंथेसायझरचा मुलामा आज जुना वाटतो. तीच गाणी १९९४ च्या ‘अनप्लग्ड’मध्ये ऐकावीत.

प्रश्न : जिल यांचा महात्मा गांधींशी काही संबंध आहे का? पांढऱ्या पोशाखातले त्यांचे एक छायाचित्र पाहिले होते.

ते छायाचित्र बहुधा कार्निव्हलमधल्या ‘फिल्योस दे गांधी’ या मंडळाच्या मिरवणुकीतले असावे. नावाचा अर्थ ‘गांधींची लेकरे’. गांधीजींच्या हत्येनंतर वर्षभराने, १९४९ मध्ये, साल्व्हादोरच्या बंदरातल्या गोदी कामगारांनी हे मंडळ स्थापन केले. हे ‘आफोशे’ प्रकारचे मंडळ आहे, म्हणजे कांदोम्ब्ले या आफ्रो-ब्राझिलियन धर्मातील ठेके आणि योरुबा भाषेतली गाणी घेऊन रस्त्यावर उतरणारे. पांढरा झगा, डोक्याला पांढऱ्या टॉवेलचा फेटा, गळ्यात निळ्या-पांढऱ्या मण्यांच्या माळा, आणि मिरवणुकीत लोकांवर शिंपडायला लॅव्हेंडरचे सुगंधी पाणी. ताल ‘इजेशा’ नावाचा, संथ आणि डुलता. त्यावर ‘आगोगो’ ही दुहेरी घंटा वाजत राहते. कार्निव्हलच्या गोंगाटात हा ताफा आला, की रस्त्याचा श्वास सावकाश होतो.

लंडनहून परतल्यावर जिल यांनी पाहिले, की या मंडळात मोजकेच लोक उरले आहेत आणि ते बंद पडण्याच्या बेतात आहे. ते स्वतः सदस्य झाले, पोशाख घालून मिरवणुकीत चालले आणि मंडळाच्या नावाचे गीत त्यांनी रचले. त्या गीतात ते ओमोलू, ओगुम, ओशुम अशा एकेका देवतेचे नाव घेऊन विनवतात, की सगळ्यांना खाली पाठवा, गांधींची लेकरे पाहायला. आज हे साल्व्हादोरच्या कार्निव्हलमधले सर्वांत मोठे आफोशे मंडळ आहे. ते पुन्हा उभे करण्यात अनेकांचे हात होते, पण जिल यांचा हात सगळ्यांना दिसला. लोकप्रियतेचा असा उपयोग करणारे कलावंत मला फार जवळचे वाटतात.

प्रश्न : गायक सांस्कृतिक मंत्री झाला तर ते केवळ शोभेचे पद ठरत नाही का?

ठरू शकते, इथे ठरले नाही. राजकारण जिल यांना नवे नव्हते. १९८८ मध्ये ते साल्व्हादोरच्या नगरपरिषदेवर निवडून आले होते आणि त्याआधी शहराच्या सांस्कृतिक प्रतिष्ठानाचे प्रमुख होते. जानेवारी २००३ मध्ये राष्ट्राध्यक्ष लुला यांनी त्यांना मंत्री केले. पेले यांच्यानंतर केंद्रीय मंत्रिमंडळात आलेल्या मोजक्या कृष्णवर्णीय मंत्र्यांपैकी ते एक. पदग्रहणाच्या भाषणातच त्यांनी आपले धोरण मालिशीच्या उपमेने सांगितले : देशाच्या शरीरात जे बिंदू दुर्लक्षित आहेत ते दाबायचे, म्हणजे ऊर्जा आपोआप वाहू लागेल.

त्यातून २००४ मध्ये ‘पोंतोस दे कुल्तुरा’ म्हणजे ‘संस्कृती-बिंदू’ ही योजना आली. सरकारने नवी भव्य केंद्रे बांधण्याऐवजी वस्त्यांत, गावांत, आदिवासी समूहांत आधीपासून काम करणाऱ्या मंडळींना निधी द्यायचा, आणि ध्वनिमुद्रण व चित्रीकरणासाठी मुक्त सॉफ्टवेअरवर चालणारी साधने द्यायची, अशी ती कल्पना होती. कलाकृती इतरांना मोकळेपणाने वापरू देणाऱ्या सार्वजनिक परवान्यांच्या चळवळीलाही त्यांनी मंत्री असतानाच पाठिंबा दिला, ज्यामुळे संगीत उद्योगातले काही लोक नाराज झाले. जुलै २००८ मध्ये त्यांनी राजीनामा दिला.

या काळात गाणे पूर्ण थांबले नव्हते. सप्टेंबर २००३ मध्ये त्यांनी न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या सभागृहात गायन केले. महिनाभर आधी बगदादमध्ये बॉम्बहल्ल्यात मारले गेलेले राजनैतिक अधिकारी सेर्जियो व्हिएरा दे मेलो आणि त्यांचे सहकारी यांच्या स्मरणार्थ तो कार्यक्रम होता, आणि शेवटी महासचिव कोफी अन्नान जिल यांच्या शेजारी तालवाद्य वाजवायला उभे राहिले. नवी गाणी मात्र त्या साडेपाच वर्षांत फारशी झाली नाहीत, ही किंमत त्यांनी मोजली.

प्रश्न : नावाचा उच्चार ‘गिल’ की ‘जिल’?

‘गिल’ नक्कीच नाही. ब्राझीलमधला उच्चार ‘झिउ’च्या जवळ जातो, कारण तिथे शब्दाच्या शेवटी येणारा ‘ल’ ‘उ’सारखा ऐकू येतो. मराठी डोळ्यांना ओळखू यावे म्हणून ‘जिल’ लिहिले आहे.

प्रश्न : पोर्तुगीज येत नसेल तर या गाण्यांतले किती निसटते?

खरे सांगायचे तर बरेच निसटते, कारण जिल यांना शब्दांत शब्द दडवण्याचे वेड आहे. १९७३ मध्ये शिको बुआर्के यांच्याबरोबर लिहिलेले ‘कालिसे’ घ्या. शब्दाचा अर्थ प्याला, आणि गीत येशूच्या प्रार्थनेने सुरू होते : हे पित्या, हा प्याला माझ्यापासून दूर कर. पण म्हणताना ‘कालिसे’ हे ‘गप्प बस’ या अर्थाच्या ‘काले-से’सारखेच ऐकू येते. सेन्सॉरने शब्दांना मनाई केली. त्या वर्षीच्या मे महिन्यात साओ पावलोतल्या महोत्सवात दोघे निरर्थक अक्षरे आणि मधूनच तो एक शब्द गुणगुणत गाऊ लागले, तेव्हा ध्वनिक्षेपक एकामागून एक बंद करण्यात आले. शिको एका ध्वनिक्षेपकाकडून दुसऱ्याकडे जात राहिले. ‘गप्प बस’ असे सांगणारे गाणे त्या रात्री खरोखरच गप्प केले गेले.

१९९१ चा ‘पाराबोलिकामारा’ हा शब्दही असाच : अर्धा उपग्रहाच्या तबकडीचा आणि अर्धा कापोएरा खेळणाऱ्यांच्या ‘सोबत्या’ या हाकेचा. १९९६ मध्ये त्यांनी इंटरनेटवर थेट प्रसारित केलेले ‘पेला इंतेर्नेत’ हे १९१७ च्या सुमाराच्या, टेलिफोनवरच्या पहिल्या प्रसिद्ध सांब्याचे नाव उचलून नव्या यंत्राला लावते. कोठडीत संगणकावर गाणे करणारा माणूस इथपर्यंत सरळ रेषेत आलेला आहे.

पण भाषा नसली तरी ठेका असतोच. सुरुवातीला सांगितलेल्या तीन-तीन-दोनच्या टाळीपासून आरंभ करावा. अर्थ नंतर, एकेका शब्दाने, येत राहतो.

प्रश्न : ते अजून गातात का?

२०२१ मध्ये ब्राझीलच्या साहित्य अकादमीवर त्यांची निवड झाली. मूत्रपिंडाच्या विकारातून सावरून ते पुन्हा उभे राहिले होते, मुला-नातवंडांना घेऊन कार्यक्रम करत होते. मार्च २०२५ मध्ये, ब्याऐंशीव्या वर्षी, त्यांनी साल्व्हादोरच्या फोन्ते नोव्हा स्टेडियममधून मोठ्या दौऱ्यांना निरोप देणारा शेवटचा दौरा सुरू केला. त्याला नाव दिले १९८४ च्या आपल्याच ‘तेंपो रेई’ या गीताचे, ज्याचा अर्थ ‘काळ हा राजा’.

त्या दौऱ्यातला एक प्रसंग मला विसरता येत नाही. एप्रिलमध्ये साओ पावलोच्या कार्यक्रमात त्यांची मुलगी, गायिका प्रेता जिल, त्यांच्या शेजारी येऊन बसली आणि दोघांनी मिळून ‘द्राओ’ गायले. हे गीत जिल यांनी १९८० च्या दशकाच्या आरंभी प्रेताच्या आईपासून, सांद्रापासून, विभक्त होताना तिच्यासाठीच लिहिले होते. ‘द्राओ’ हे सांद्राचे लाडके नाव. प्रेम हे धान्याच्या दाण्यासारखे असते, उगवायचे तर त्याला आधी मातीत मरावे लागते, असे त्यात म्हटले आहे. प्रेता त्या वेळी कर्करोगाशी झुंजत होती आणि जुलैमध्ये ती गेली. त्या रात्रीचे चित्रीकरण उपलब्ध आहे. जिल गिटारीवर आहेत, उजवा हात तोच, अंगठा तसाच सावकाश चालतो आहे, आणि ते गाताना मुलीकडे पाहत आहेत.